क्रॅश झांजेला वेगळा आउटपुट द्यायला या ड्रम सॉफ्टवेअरवाल्यांचं काय जातं?

मला कोणीतरी समजावून सांगा बाबांनो, कारण माझं डोकं आता खरंच सटकलंय. एवढे पैसे मोजून ड्रमचं सॉफ्टवेअर घ्यायचं, ढीगभर गीगाबाइटचं डाउनलोड करायचं, तेही गोव्यात, फोंड्यात, ऐन पावसात, वीज गेली की राउटर बंद आणि डाउनलोड लटकलेलं, आणि एवढं सगळं करून मिक्सर उघडला की काय दिसतं तर किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, आत एक बाहेर एक असे दोन माइक, स्नेअरला वरून खालून, प्रत्येक टॉमला आपापला, हायहॅटला, म्हणजे पेडलवर उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीला, वेगळा, आणि बाकीच्या झांजा? दोन क्रॅश, राइड, चायना, स्प्लॅश, सगळ्यांना मिळून एक ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर लावलेली माइकांची जोडी. आवाज कमीजास्त करायला एकच फेडर. घ्या आणि गप बसा.

आणि विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, खऱ्या स्टुडिओत असंच असतं, रिअॅलिझम. अरे कसला रिअॅलिझम? खऱ्या स्टुडिओत एक माणूस एका खोलीत सगळं किट एकदम वाजवतो, त्यामुळे वरच्या दोन माइकांत स्नेअरही येतो, टॉमही येतात, क्रॅशही येतो, ते वेगळं करता येत नाही हे मान्य, तो आवाजाचा धर्मच आहे. पण सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे या सॉफ्टवेअरमधल्या रेकॉर्ड करून ठेवलेल्या फटक्यांच्या साठ्यात, असं होतच नाही! तिथे ड्रमरने क्रॅश एकटा वाजवलाय. एक फटका, शेपटी पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा फटका थोडा जोरात. तोच एकटा क्रॅश ओव्हरहेडमध्ये वेगळा, रूममध्ये, म्हणजे खोलीतल्या लांबच्या माइकांत, वेगळा असा साठवलाय, सगळे तुकडे सुटे पडलेत तुमच्या डिस्कवर, आणि वाजवताना सॉफ्टवेअर ते एकत्र करतं. सोलकढीत मीठ जास्त पडलं तर बाहेर काढता येत नाही, ठीक आहे, पण इथे मीठ अजून बरणीत आहे आणि हे सांगतात काढता येणार नाही. हे केवळ राउटिंगचं, कुठला आवाज कुठे पाठवायचा याचं काम आहे, बाकी काही नाही. काही सॉफ्टवेअरांत प्रत्येक झांज वेगळ्या आउटपुटवर पाठवता येते, म्हणजे होतं ते, करायचं नाही एवढंच.

आता म्हणाल क्रॅशचा आवाज कमी करायची सोय आहे की. आहे. फक्त व्हॉल्यूमची. मला व्हॉल्यूम नकोय, मला इक्यू हवाय, म्हणजे आवाजातली एखादीच पट्टी कमीजास्त करायची सोय. परवाचं गाणं घ्या, घुमटाचं, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेल्या आमच्या वाद्याचं. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, चांगलं केलं, आणि आता माझ्याकडे येणाऱ्या पोरांना बँडच्या गाण्यातसुद्धा घुमट हवं असतं, तेही उत्तमच. घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कासाळें म्हणजे आपल्या झांजा, तिन्ही खरी वाजवून रेकॉर्ड केली, घुमट वाजवणारा माणूस असा की मडक्याचं लहान तोंड हाताने उघडझाप करून एकाच वाद्यातून चार वाद्यांचं काम काढतो. त्यावर ड्रम प्रोग्रॅम केलेले. आता कासाळ्याचा जो झणका आहे तो वरच्या पट्टीत, आणि क्रॅशची जी टोचणारी धार आहे, साधारण तीन ते पाच हजार हर्ट्झची, ती नेमकी त्याच्या उरावर. एवढंच करायचं होतं की क्रॅशची तेवढी धार कापायची आणि कासाळ्याला जागा द्यायची. पाच मिनिटांचं काम! पण ओव्हरहेडवर कट मारला की स्नेअरचा कडकपणाही जातो, राइडची टिंग जाते, सगळं किट गोधडी पांघरून बसतं. फक्त क्रॅशवर कट मारायचा तर रस्ताच नाही.

मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावा, म्हणे. लावला. ओव्हरहेडमध्ये स्नेअरही आहे ना, मग दर स्नेअरला कॉम्प्रेसर दाबतो आणि क्रॅशची लांब शेपटी दबते, वर येते, दबते, वर येते, गाण्याला दमा लागल्यासारखी. एकदा कानावर आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ब्लीड, म्हणजे एकाचा दुसऱ्याच्या माइकात शिरणारा आवाज, बंद करायची सोय आहे, स्नेअर ओव्हरहेडमधून काढून टाका, पण काढला की स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा कोरडा, कारण त्याचा अर्धा जीव ओव्हरहेडमध्येच असतो. म्हणजे स्नेअर जिवंत ठेवायचा की क्रॅश आवरायचा, दोन्हींतलं एकच निवडा.

मल्टिआउटचा, म्हणजे वेगवेगळ्या आउटपुटांचा, तमाशा तर वेगळाच. बॉक्सवर १६ स्टिरिओ आउटपुट लिहिलंय. असतील. पण ते आउटपुट माइकांचे आहेत, झांजांचे नाहीत, हे विकताना सांगत नाहीत. आणि ते डीएडब्ल्यूमध्ये, ज्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं गाणं रेकॉर्ड होतं त्यात, जोडायचं म्हणजे एकेक ऑक्स ट्रॅक बनवा, एकेक नाव द्या, आणि नंतर दुसरा प्रीसेट लोड केला की सगळं राउटिंग पुसून परत सगळं पहिल्या आउटपुटवर. विचारत पण नाही! निदान एक खिडकी तरी काढ, की बाबा तुझं राउटिंग उडतंय, चालेल का.

मग सगळे जे करतात तेच करावं लागतं, सॉफ्टवेअर दोनदा उघडा. एकात किक स्नेअर टॉम, दुसऱ्यात नुसत्या झांजा, दुसऱ्याचा ओव्हरहेड म्हणजे मग फक्त झांजांचा. आता वेगळा इक्यू, वेगळा कॉम्प्रेसर, सगळं छान वाटतं. पण रॅम दुप्पट, प्रोजेक्ट उघडायला चहा उकळून येईल एवढा वेळ. आणि मिडी, म्हणजे कुठला फटका कधी वाजवायचा ते सांगणाऱ्या नोटा, दोन्हींत फोडायची ती वेगळी कटकट. साध्या जनरल मिडीत ४९ आणि ५७ क्रॅश, ५१ राइड, ५२ चायना, ५५ स्प्लॅश, लक्षात ठेवायला सोपं, पण या मोठ्या लायब्रऱ्यांनी आपापला नकाशा काढलाय, झांजेच्या कडेवर मारलेला वेगळ्या नोटेवर, मधल्या घंटीवर मारलेला वेगळ्या, हात ठेवून थांबवलेला क्रॅश आफ्टरटचवर, म्हणजे दाबलेली की आणखी दाबल्यावर. एक नोट मागे राहिली की तो फटका चुकीच्या किटमध्ये वाजतो आणि शोधत बसा. हायहॅट दुसऱ्यात हलवला तर त्याचं पेडल सीसी ४ या मिडी कंट्रोलवर चालतं, नोटा गेल्या आणि सीसी मागे राहिला तर हॅट अख्ख्या गाण्यात एकाच जागी अडकून वाजतो, ना उघडा ना बंद. आणि एवढं करूनही दोन क्रॅश आणि चायना परत एकाच ओव्हरहेडमध्ये, त्या वेगळ्या हव्या तर तिसऱ्यांदा उघडा!! अरे काय चाललंय?

वर कोणीतरी शहाणा सांगतोच, खरा ड्रमर घे ना, गोव्यात ड्रमर काय कमी आहेत. नाहीत कमी. लग्नाचे बँड, किनाऱ्यावरचे शॅक, तियात्र म्हणजे आमची कोंकणी नाटकं, सगळीकडे एकसे एक वाजवणारे आहेत आणि मला ते हवेच असतात. पण खरं किट रेकॉर्ड करायला तेवढी खोली लागते, माइक लागतात, आणि आमच्या वाड्यावर भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी म्हातारी माणसं, दहावीची पोरं. पोरांच्या बजेटात मोठा स्टुडिओ बसत नाही. त्यांना परवडतं ते हेच सॉफ्टवेअर, म्हणून तर त्याने नीट काम केलं पाहिजे ना. ज्याच्याकडे मोठा हॉल आणि भिंतभर माइक आहेत त्याला हे लागतच नाही. घरातल्या एका खोलीत बसून चतुर्थीच्या आत गाणं संपवायचंय त्यालाच लागतं, आणि त्यालाच हे हात बांधून देतात.

दरवर्षी अपडेट येतं. नवीन खोली, नवीन किट, नवीन रंगाचा स्क्रीन, फिरवून बघता येणारं ड्रमसेटचं चित्र. मला चित्र नको. पुढच्या अपडेटला पैसे घ्या, देतो, आत्तापर्यंत दिलेच आहेत, पण क्रॅशवर राइट क्लिक केल्यावर "आउटपुट" असा एक पर्याय द्या आणि ती झांज तिच्या ओव्हरहेड आणि रूमसकट तिथे पाठवा. किकसाठी केलंत, स्नेअरसाठी केलंत, चार चार टॉमांसाठी केलंत. झांजांनी काय घोडं मारलंय तुमचं?