ओक्लाहोमाचे भूकंप आणि तो फिरणारा मेसेज

परत एकदा तो मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की तेल कंपन्या जमिनीत पाणी सोडतात म्हणून भूकंप होतात ही पर्यावरणवाल्यांची थाप आहे, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात भूकंप पहिल्यापासूनच होतात, आता यंत्रं वाढली म्हणून जास्त दिसतात, पंपात एवढी ताकदच नसते, आणि झालेच छोटे धक्के तर बरंच की, मोठा टळतो. पाठवणाऱ्यांत चांगले शिकलेले लोक आहेत म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

"पहिल्यापासून होतात." होतात की, १९५२ मध्ये एल रेनोजवळ चांगला मोठा झाला होता, कोण नाही म्हणतंय. पण २००८ पर्यंत ३ रिश्टरच्या वरचे धक्के वर्षाला सरासरी दोनेक, आणि २०१५ मध्ये ९०० च्या आसपास! यंत्रं वाढली की एक-दीडचे बारके धक्के जास्त सापडतात, ३ चा धक्का तर बऱ्याचदा लोकांना जाणवतो आणि तो आधीही नोंदला जायचाच. २०११ मध्ये प्रागजवळ (हे ओक्लाहोमातलं गाव, युरोपातलं नव्हे) ५.७ चा झाला तेव्हा शॉनीतल्या सेंट ग्रेगरी विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा एक मनोरा खाली आला, तोही यंत्रं वाढली म्हणून पडला का?

आता पंपाची ताकद. इथेच सगळी गल्लत आहे. भूकंपाची ताकद पंप देतच नाही, ती खडकात आधीपासून साठलेली असते, जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्यात म्हणून ती अडकून असते. त्या भेगेत पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंमधली पकड सैल होते. गरम वाटी ओल्या ओट्यावर पालथी घातली की आपोआप सरकते ना, आत कोंडलेली हवा तिला जरा उचलते म्हणून, तसंच. आणि हे आपल्याला तरी नवीन वाटायला नको, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला काय झालं ते ठाऊक आहे, तिथे पंप नव्हता, धरणाचं पाणी होतं, बाकी ताण जमिनीतलाच.

हे नुसतं कागदावरचं नाही, करून बघितलेलं आहे. कोलोरॅडोत रँजली नावाच्या तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याने मुद्दाम दाब वाढवला तर धक्के वाढले, उतरवला तर जवळजवळ थांबले, परत वाढवला तर परत सुरू.

बरं, समोरची बाजूही एक चूक करते, सगळं खापर फ्रॅकिंगवर (दाबाने पाणी मारून खडक फोडायचा आणि तेल-वायू काढायचा, ते) फोडते. ओक्लाहोमात फ्रॅकिंगमुळे झालेले धक्के अगदी थोडे (कॅनडात मात्र बरेच), खरा घोळ तेलासोबत वर येणाऱ्या खाऱ्या पाण्याचा. काही विहिरींत एक पिंप तेलामागे दहा-दहा पिंपं पाणी येतं. ते टाकायचं कुठे, तर आर्बकल नावाच्या खोल थरात, आणि त्या थराच्या लगेच खाली जुना कठीण खडक, त्यातच भेगा. "मग हजारो विहिरी आहेत, सगळीकडे का होत नाही?" याचं उत्तरही यातच आलं. नॉर्थ डकोटात भरपूर पाणी सोडतात पण वरच्या थरात, त्या खडकापासून लांब, म्हणून तिथे फारसं काही होत नाही. आणि जिथे तेल काढलं तेवढंच पाणी परत भरतात तिथे दाबही फारसा वाढत नाही.

छोट्या धक्क्यांनी मोठा टळतो हे ऐकायला छान आहे. हिशोब करा, रिश्टरचा एक आकडा म्हणजे ऊर्जा साधारण ३२ पट, म्हणजे ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजार धक्के लागतील. कोण मोजत बसणार?

शेवटचा मुद्दा, "पाणी कमी केलं तरी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पॉनीला ५.८ चा झालाच ना". झाला, कारण आधी सोडलेलं पाणी कुठे जात नाही, दाब महिनोन्महिने पसरत राहतो. डेन्व्हरजवळच्या लष्करी कारखान्याच्या विहिरीत पाणी सोडणं १९६६ मध्ये बंद केलं, तिथले सगळ्यात मोठे धक्के १९६७ मध्ये आले, मग हळूहळू थंडावले. ओक्लाहोमातही तेच झालं, २०१७ मध्ये ३ च्या वरच्या धक्क्यांचा आकडा ३०० च्या घरात आला. त्यात तेलाचे भाव पडल्याचाही हात होता, पाणी कमी सोडा या नुसत्या सरकारी आदेशाचं श्रेय नाही. पण भाव पडले काय, आदेश निघाला काय, जमिनीत जाणारं पाणी कमी झालं ना!