'मराठी माध्यमाची पोरं बुजरी' हे खरं नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'मराठी माध्यमाची पोरं मुळातच बुजरी. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की वर्गात तोंड उघडत नाहीत. धीट व्हायला हवीत तर पहिलीपासून इंग्रजी शाळेत घाला.' यंदा तो मला तिघांनी पाठवला. मी पीयूसीला इंग्रजीतून जीवशास्त्र शिकवते, गप्प कशी बसू?

'मुळातच बुजरी'? जांबोटीकडून येणारा माझा एक विद्यार्थी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कन्नडमध्ये बिनधास्त भांडतो. वर्गात मात्र मान खाली. एकदा विचारलं, पान हिरवं कशामुळे? सगळे गप्प. मी फळ्याकडे वळले, तेव्हा तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला, 'हरितद्रव्य.' उत्तर बरोबर होतं! 'क्लोरोफिल' हा त्याचा इंग्रजी शब्द त्याला नवा होता, आणि आदल्या आठवड्यात एकीच्या उच्चारावर वर्ग हसला होता, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. उत्तर येत असून गिळावं लागतं, त्याला मी बुजरेपणा म्हणणार नाही.

'तोंड उघडत नाहीत.' आपण थांबतो किती? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, की उत्तरं लांबतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात. आमच्या मुलांना तर इंग्रजीत ऐकून, मराठीत विचार करून, पुन्हा इंग्रजीत वाक्य जुळवायचं असतं.

इंग्रजी शाळेतून आलेलीही कितीतरी मुलं माझ्या वर्गात गप्पच असतात. त्या सल्ल्याबद्दल एवढं पुरे.

मेसेजखाली एका काकांनी लिहिलं होतं, 'मोठ्यांपुढे गप्प बसणं हे आपले संस्कारच.' याचं मला फार वाईट वाटलं. 'मॅडम, मला हे पटलं नाही' असं शांतपणे सांगणाऱ्या मुलीत उद्धटपणा कुठे आहे? तिला गप्प केलं, तर उद्या ऑफिसात किंवा सासरी ती स्वतःची बाजू मांडणार कशी?

आता मी प्रश्न विचारला की आधी दोन मिनिटं वहीत लिहायला लावते, भाषा कुठलीही चालेल. मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला. फळ्यावर हरितद्रव्य, कन्नडमधलं पत्रहरित्तु, क्लोरोफिल असे तिन्ही शब्द शेजारीशेजारी. परवा जांबोटीच्या त्याच मुलाने मला मध्येच थांबवलं, "खरं मॅडम, लाल पानांत असतंय काय हे?" असतं, लाल रंगामुळे दिसत नाही एवढंच. उरलेला तास त्यावरच गेला.