मॅटिंगलीचे कल्ले

बेसबॉलवर टीव्हीत सगळ्यात हुशार लिखाण कुठलं यावर आमच्या ऑफिसातल्या बेसबॉलवेड्यांची परत जुंपलीये आणि यावेळी मला गप्प बसवेना, कारण समोर सगळे साइनफेल्डवाले (न्यूयॉर्कमधली ती जुनी कॉमेडी सिरीयल). न्यू जर्सीत निम्मे यांकीजचे निम्मे मेट्सचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या दोन बेसबॉल टीम्सचे, त्यांना साइनफेल्ड म्हणजे घरचंच कार्य. सिरीयलमधला जॉर्ज यांकीजच्या ऑफिसात नोकरीला, मालक स्टाइनब्रेनर कायम पाठमोरा आणि आवाज लॅरी डेव्हिडचा. तो मालक घरी येऊन सांगतो की तुमचा मुलगा गेला, तर जॉर्जचा बाप त्यालाच झापतो की जे ब्यूनरला का रे घालवलास! (१९८८ चा खराखुरा ट्रेड, केन फेल्प्सच्या बदल्यात ब्यूनर सिअ‍ॅटलला गेला आणि तिथे त्याने ३०० च्या वर होमरन, म्हणजे आपले सिक्सरच, ठोकले. यांकीजवाल्यांना अजून झोंबतं.) भारीच आहे, वाद नाही.

पण माझं मत पक्कंय. सिम्पसन्स या कार्टून सिरीयलचा एपिसोड 'होमर अ‍ॅट द बॅट', २० फेब्रुवारी १९९२. बर्न्स हा म्हातारा मालक आपल्या कंपनीच्या सॉफ्टबॉल मॅचवर दहा लाख डॉलरची पैज लावतो आणि जिंकायलाच पाहिजे म्हणून नऊ खरे मेजर लीगवाले (सगळ्यात वरच्या लीगचे खेळाडू) नोकरीवर ठेवतो, आवाजही त्या नऊ जणांनी स्वतः दिलेत. मग आठ जणांची वाट लागते. त्यातला वेड बॉग्ज बारमध्ये ब्रिटनचा सर्वात थोर पंतप्रधान कोण यावर भांडून मार खातो वगैरे. हे सगळं येडेपणाचं. यांकीजच्या डॉन मॅटिंगलीचं मात्र तसं नाही. त्याला बर्न्स सांगतो कल्ले काप, आता याला कल्ले नाहीतच, तरी बिचारा अर्धं डोकं भादरून येतो आणि म्हातारा त्याला तरीही हाकलतो!

आता गंमत बघा, ऑगस्ट १९९१ मध्ये यांकीजनी खऱ्या मॅटिंगलीला केस कापत नाही म्हणून बाकावर बसवलं, वर दंड लावला. सगळ्यांना वाटतं लेखकांनी ते उचललं, पण त्याचे संवाद त्याआधीच रेकॉर्ड झाले होते. म्हणजे मालक लोकांचं डोकं कसं चालतं ते यांना आधीच कळलेलं. आणि यांकीजनी दाढीवरची बंदी उठवली कधी, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये, तीही 'नीटनेटकी' असेल तरच! पन्नासेक वर्षं हा नियम चालला, मिशी चालते दाढी नाही, कुणी ठरवलं कोण जाणे. म्हणजे स्टाइनब्रेनरने ठरवलं, पण का ते.

मला खरा आवडतो तो शेवट. मॅच बरोबरीत, बेसेस भरलेले, दोन आउट, आणि बर्न्स उरलेल्या नवव्याला, डॅरिल स्ट्रॉबेरीला, बाहेर काढून होमरला, कंपनीतल्या साध्या कामगाराला, बॅटिंगला पाठवतो. का तर समोरचा पिचर (बॉल टाकणारा) डावखुरा, स्ट्रॉबेरीही डावखुरा, मग उजव्याला पाठवायचं, टक्केवारी सांगते तसं! साइनफेल्डवाले म्हणतात कार्टून आहे रे, एवढं काय. अहो पण २०२० च्या वर्ल्ड सिरीजची (मेजर लीगची फायनल, जास्तीत जास्त सात मॅचची) सहावी मॅच आठवा. टँपाचा पिचर ब्लेक स्नेल, ७३ पिचेस (टाकलेले बॉल), ९ स्ट्राइकआउट (बॉलला बॅट न लागता आउट), दोनच हिट्स दिलेले, टीम १-० पुढे, आणि मॅनेजर केविन कॅशने सहाव्या इनिंगमध्ये त्याला काढलं कारण समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सचे बॅटर आता तिसऱ्यांदा त्याच्यासमोर येणार होते, आणि टक्केवारी सांगते की तिसऱ्यांदा बॅटर पिचरला ओळखून असतात. त्याच इनिंगमध्ये डॉजर्स पुढे गेले आणि सिरीज खिशात घातली. बर्न्सचं निदान जमलं तरी, होमरच्या डोक्यात बॉल बसला, त्यामुळे त्याला फुकट बेस मिळाला आणि बेसेस भरलेले म्हणून रन आला.

आता याच्या उलटं २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये झालं, डॉजर्स विरुद्ध टोरंटो. डॉजर्सचा पिचर यामामोतो, त्याने सहाव्या मॅचला ९६ पिचेस टाकलेले, दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्यालाच परत आणलं, विश्रांती न देता. कुठल्या एक्सेल शीटमध्ये बसतं हे? बसत नाही. तरी त्याने अडीच इनिंगच्या वर खेचलं, अकराव्या इनिंगमध्ये टोरंटोचा बरोबरीचा रन थर्ड बेसवर उभा आणि त्यांच्या कर्कच्या त्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आउट, डॉजर्स ५-४. मी ओरडलो तेव्हा बायको खालून वर आली काय झालं बघायला.

आणि त्या टोरंटोच्या डगआउटमध्ये बेंच कोच (मॅनेजरचा उजवा हात) कोण? मॅटिंगली! यांकीजकडून १४ सीझन खेळला, वर्ल्ड सिरीज नाही, तो रिटायर झाला आणि १९९६ मध्ये यांकीज जिंकले. नंतर डॉजर्सचा मॅनेजर, मग मायामीचा, तरी नाही. पहिल्यांदा पोचला २०२५ ला आणि ती अशी गेली, तीसुद्धा जुन्या टीमसमोर. आमच्या यांकीजवाल्याने त्या दिवशी टोरंटोची टोपी घातलेली, फक्त याच्यासाठी. त्याचं तेवढं एक मला पटलं, बाकी नाही.

तर साइनफेल्डवाल्यांनो, याच्या तोडीचं काही असेल तर टाका कमेंटमध्ये. फक्त ते साइनफेल्डमधलं, मेट्सच्या कीथ हर्नांडेझचं थुंकीप्रकरण नको, तेही त्याच फेब्रुवारीतलं आहे आणि सगळ्यांना पाठ आहे.