‘पोहता येतं, सही केली आहे, मग भीती कसली?’ : हौशी जलक्रीडा स्पर्धांविषयीच्या एका दाव्याला उत्तर

हौशी जलक्रीडा स्पर्धांविषयीचा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : छोट्या स्पर्धांवर सुरक्षेचं ओझं लादू नका. भाग घेणारे प्रौढ असतात, त्यांना पोहता येतं, अंगात लाइफ जॅकेट असतं, हमीपत्रावर त्यांनी सही केलेली असते. काठावर माणसं असतात, कुणी अडचणीत आलंच तर हाक मारेल. आणि इतक्या वर्षांत कुठे काय झालंय?

लिहिणाऱ्याची तळमळ समजते. स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्पर्धा बंद पडाव्यात असं मलाही वाटत नाही. पण हा मजकूर प्रमाण मानून कुणी स्पर्धा भरवली तर त्यात माणूस मरू शकतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासणं भाग आहे.

‘पोहता येतं त्याला धोका नाही’

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून गार असेल, तर पाण्यात शिरल्या शिरल्या शरीर आपल्या ताब्यात राहत नाही. एकदम मोठा श्वास आत ओढला जातो, मग जोराची धाप लागते, छाती धडधडू लागते. नेमकं त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर हवेऐवजी पाणी आत जातं. हा धक्का पहिल्या दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्यानंतर हातापायांचे स्नायू आणि नसा गारठत जातात, हात आखडतो, पल्ला तोकडा पडतो आणि सराईत पोहणाऱ्यालाही डोकं वर ठेवणं जड जातं. अंगातली उष्णता जाऊन शुद्ध हरपायला सहसा अर्धा तास किंवा अधिक लागतो. म्हणजे ‘फार वेळ पाण्यात राहायचं नाहीये, गारठायचा प्रश्नच नाही’ हा युक्तिवाद सर्वांत धोक्याच्या मिनिटांनाच वगळतो. ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी मांडलेला आणखी एक मुद्दा आयोजकांनी लक्षात ठेवावा : गार पाण्याच्या धक्क्याने हृदय वेगाने धावू लागतं, तर चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखल्याने ते मंदावतं. हे दोन्ही हुकूम एकाच वेळी सुटले तर हृदयाची लय बिघडू शकते.

अमेरिकेतल्या ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग तीन टप्प्यांच्या) स्पर्धांतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या दुर्घटनांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचवले गेलेले स्पर्धक आणि अपघाती मृत्यू अशा एकूण १३५ घटना त्यात होत्या. त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या, आणि वेळेच्या हिशेबाने तो तिन्हींतला सगळ्यांत छोटा टप्पा असतो. सरासरी वय ४७ च्या घरात, ८५ टक्के पुरुष. या सगळ्यांना पोहता येत होतं. पोहता येत होतं म्हणूनच ते तिथे होते. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत हृदयाचा आधी लक्षात न आलेला आजार आढळला.

शिवाय पोहताना फुप्फुसांत पाणी साचण्याचा एक प्रकार असतो. बाहेरचं पाणी नाकातोंडात न जाता शरीरातलाच द्रव फुप्फुसात उतरतो, दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबी फेस येतो. धडधाकट माणसालाही हे होतं, आणि त्याला वाटतं आपला सराव कमी पडला. तो जोर लावून पुढे जात राहतो. इथे त्याने थांबायला हवं, आणि थांबलं तर बाद होणार नाही हे त्याला आधीच कुणीतरी सांगायला हवं. बहुतेक ट्रायथलॉनच्या नियमांत सुरक्षेसाठी ठेवलेल्या कयाकला, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीला, धरून दम खाण्याची मुभा असते, फक्त त्या आधाराने पुढे सरकायचं नसतं. सुरुवातीच्या सूचनांत हे एक वाक्य स्पष्ट सांगितलं, सगळ्यांना एकदम पाण्यात न सोडता छोट्या तुकड्यांत सोडलं आणि त्याआधी काही मिनिटं पाण्यात उतरून श्वास स्थिर करू दिला, तर या धोक्याचा मोठा भाग कमी होतो.

गरम पाण्याचा धोका तर फिरत्या मजकुरात कुणाच्या गावीही नाही. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे १० किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकी जलतरणपटू दगावला. पाणी खूपच गरम होतं. पुढे आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा घातली. क्रिपेन हौशी नव्हता, राष्ट्रीय दर्जाचा होता. त्याच्या कौशल्याने त्याला वाचवलं नाही.

‘लाइफ जॅकेट घातलं की झालं’

कोणतं जॅकेट? ५० न्यूटन उचल देणारं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करतं. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी ते देत नाही. त्यासाठी अधिक उचल देणारी, वेगळ्या रचनेची जॅकेट असतात. पट्टे सैल असले तर पाण्यात पडताच जॅकेट कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटातलं गॅसचं नळकांडं वापरलेलं आहे की भरलेलं, हे स्पर्धेच्या सकाळी उघडून बघावं लागतं. गोदामातून आलेला ढीग काठावर ओतून ‘आपापलं घ्या’ म्हणणं ही तपासणी नव्हे.

आणि काही ठिकाणी जॅकेट, पट्टा, फळी यांतलं काहीच पुरत नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे हौशी पॅडलबोर्डर्सचा, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्यांचा, एक गट पावसाने फुगलेल्या नदीत उतरला. वाटेत बंधारा होता आणि गटाला त्याची नीट कल्पना दिलेली नव्हती. चौघांचा मृत्यू झाला. सहल भरवणाऱ्या व्यवसायाच्या मालकीणबाईला २०२५ साली साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि तरंगणारी प्रत्येक वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. दिसायला तो उतार चार पावलांचा असतो. शिवाय वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेला लीश (फळी आणि माणूस यांना जोडणारा पट्टा) कुठेतरी अडकला तर प्रवाहाच्या जोरासमोर वाकून तो सोडवता येत नाही. तिथे कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा लीश लागतो. समुद्रात चालणारं साधन नदीत घातक ठरू शकतं, हे दहा जणांत एकालाही माहीत नसतं. ते माहीत असणं आणि आदल्या दिवशी अख्खा मार्ग चालून किंवा वल्हवून बघणं, हे आयोजकाचं काम आहे.

‘कुणी बुडायला लागलं तर हाक मारेलच’

सगळ्या विधानांत मला हे सर्वांत घातक वाटतं, कारण ते मनापासून खरं वाटतं.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने हे निरीक्षण काही दशकांपूर्वीच नोंदवलं. तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होत असतं, वर आलेल्या क्षणात कसाबसा श्वास घेता येतो, शब्द फुटायला हवाच उरत नाही. हात हलवून कुणाला बोलावताही येत नाही, कारण ते आपसूक बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. शरीर उभं असतं, पाय जवळजवळ निश्चल. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं आणि माणूस खाली जातो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, जागच्या जागी उभा राहून दम खातोय. दोनशे टोप्यांच्या गर्दीत, पाण्यावर ऊन चमकत असताना, अर्धं लक्ष फोनमध्ये असलेल्या स्वयंसेवकाला ते दिसणार नाही. खरं तर फोन बाजूला ठेवला तरी दिसणार नाही, जर त्याला काय बघायचं हे शिकवलंच नसेल.

म्हणून डोळ्यांच्या जोडीला मोजणी लागते. किती जणांनी नाव नोंदवलं हा आकडा इथे निरुपयोगी आहे. किती जण खरोखर पाण्यात उतरले आणि किती बाहेर आले, हे दोन आकडे हवेत. अर्ध्यात सोडून दुसऱ्याच बाजूने बाहेर पडलेला आणि थेट घरी गेलेला स्पर्धक हा नेहमीचा घोळ. त्यामुळे शर्यत सोडणाऱ्याने मोजणीच्या टेबलावर येऊन कळवलंच पाहिजे, हा नियम सुरुवातीलाच बजावून सांगावा. टायमिंगची चिप मदतीला असू द्या, पण मोजणी तिच्यावर सोडू नका. ज्याच्याकडे ही मोजणी असेल त्याला दुसरं एकही काम देऊ नका : बक्षिसांची यादी नाही, निवेदन नाही, पाहुण्यांची सरबराई नाही. आणि आकडे एकानेही जुळले नाहीत तर ‘असेल इकडेतिकडे’ न म्हणता माणूस पाण्याखाली आहे असं धरून लगेच शोध सुरू करायचा.

फुजैरात क्रिपेन शर्यतीतून गायब झाल्याचं संघातल्या सोबत्यांनी आधी लक्षात आणून दिलं. तो सापडला तोवर शर्यत संपून सुमारे दोन तास उलटले होते.

‘सही केली आहे, जबाबदारी ज्याची त्याची’

जबाबदारी घ्यायची तर आधी माहिती लागते. वारा दुपारी दिशा बदलणार आहे, ओहोटीचा ओढ किती वाजता वाढतो, बचावाच्या दोन बोटींपैकी एकीचं इंजिन सकाळपासून कुरकुरतंय, हे स्पर्धकाला कुठून कळणार? सही करणाऱ्याने खेळातला धोका पत्करलेला असतो. आयोजकाने लपवलेला किंवा स्वतःच न तपासलेला धोका त्याने पत्करलेला नसतो.

मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बेमध्ये आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. वाऱ्याने त्यांना खुल्या समुद्रात नेलं. गट वेळेवर पोचला नाही तरी मदतीचा निरोप फार उशिरा गेला आणि चार विद्यार्थी मरण पावले. सुरक्षेतल्या त्रुटींबद्दल त्या केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी लेखी इशारा दिलेला होता. १९९४ साली केंद्राचा संचालक तुरुंगात गेला, कंपनी सदोष मनुष्यवधाची दोषी ठरली आणि पुढच्याच वर्षी मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

मुलांचं सोडा, अनुभवी प्रौढांचं उदाहरण घ्या. १९९८ च्या सिडनी-होबार्ट शिडांच्या शर्यतीत ११५ नौका निघाल्या आणि ४४ पोचल्या. वादळात सहा जण गेले, ५५ जणांना उचलून आणावं लागलं. शर्यतीत उतरायचं की नाही हा निर्णय ज्या त्या नौकेचा, असा शिडांच्या शर्यतींचा जुना नियम आहे. तरीही मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरने, आयोजक क्लबने शर्यत सांभाळण्याची आपली जबाबदारी सोडून दिली, असा ठपका ठेवला.

‘इतक्या वर्षांत काहीच झालं नाही’

इथे थोडा हिशेब करू. समजा दहा वर्षं दरवर्षी दोनशे जण उतरले, म्हणजे दोन हजार वेळा माणूस पाण्यात गेला आणि एकही मृत्यू झाला नाही. संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो की शून्य घटनांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं : धोका दोन हजारांत तीनपेक्षा, म्हणजे साधारण ६६७ जणांत एकापेक्षा, जास्त नसावा. आता अमेरिकेतल्या त्या अभ्यासातला दर बघा : लाख सहभागींमागे १.७४. एवढ्या दराने तर अगदी गलथान स्पर्धेतही दहा वर्षं काही न होणं हेच अपेक्षित आहे. स्वच्छ इतिहासावरून स्पर्धा सुरक्षित आहे की नशीबवान, हे ओळखताच येत नाही.

ओळखायचं असेल तर मृत्यू सोडून थोडक्यात टळलेले प्रसंग मोजावे लागतात. किती जणांना कयाकचा आधार घ्यावा लागला, मोजणी किती वेळा चुकली, बोट पोचायला किती मिनिटं लागली. ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजण ही वही ठेवतात?

आणि काही गोष्टी घडूनही आयोजकांपर्यंत येत नाहीत. १९९८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या तलावात झालेल्या ट्रायथलॉननंतर स्पर्धकांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा आजार दिसायला काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर सगळे आपापल्या गावी पोचलेले असतात.

‘एवढा खर्च छोट्या स्पर्धांना झेपणार नाही’

या मुद्द्यात तथ्य आहे. प्रशिक्षित जीवरक्षक, बोटी आणि रुग्णवाहिका यांना पैसे लागतात. तेवढे नसतील तर स्पर्धकांची संख्या कमी करा, मार्ग काठाला समांतर आणि आखूड करा, आणि तेही जमत नसेल तर त्या वर्षी स्पर्धा घेऊ नका. दोन बोटींच्या कुवतीत चारशे माणसं पाण्यात उतरवण्याचा हक्क कुणालाच नाही.

पण सर्वांत उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी फुकट आहेत. मोजणी फुकट आहे. स्पर्धा कधी थांबवायची याचे आकडे आदल्या संध्याकाळी कागदावर लिहून ठेवणं फुकट आहे : वारा किती, लाटा किती, पाणी किती गार किंवा गरम. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे ‘थोडाच वाढलाय’ हा अंदाज फसवा असतो. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी आत नाही. हे आकडे आधी लिहिले नाहीत तर सकाळी प्रायोजक, पाहुणे आणि सुट्टी काढून आलेले स्पर्धक समोर असताना कुणाचीही जीभ रेटत नाही. थांबवण्याचा अधिकार एका माणसाकडे द्या, आणि त्या माणसाचा फायद्यातोट्याशी संबंध नसू द्या.

प्रथमोपचाराबद्दलही एक दुरुस्ती हवी, कारण ‘एईडी मशीन (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) ठेवलंय’ असं अभिमानाने सांगितलं जातं. ते ठेवाच. पण बुडालेल्या माणसात मूळ प्रश्न प्राणवायूचा असतो, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात आणि मग छातीवर दाब. फक्त छाती दाबायला शिकलेला स्वयंसेवक इथे अपुरा पडतो.

आदल्या दिवशी एक सराव करा. एका स्वयंसेवकाला मार्गाच्या सर्वांत दूरच्या बोयापाशी (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपाशी) बेशुद्धासारखं पडून राहायला सांगा, जवळच एक सुरक्षा कयाक ठेवा आणि घड्याळ लावा. कुणाच्या तरी लक्षात येणं, बोट पोचणं, निपचित माणूस बोटीत ओढून घेणं, पहिला श्वास देणं, काठावर रुग्णवाहिका उभी राहू शकेल अशा जागी आणणं : प्रत्येकाची वेळ वेगवेगळी लिहा. मेंदूला प्राणवायू नसेल तर चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. तुमच्या आकड्यांत पहिला श्वास त्यानंतर पडत असेल, तर तो बोया काठाजवळ आणा किंवा तिथे एक बोट वाढवा, आणि सराव पुन्हा घ्या.