आधी हद्द ठरवा, चोर पळू द्या!

डिलिव्हरीचं काम करणाऱ्या आमच्या धाकट्याला दोघांनी अडवलं आणि कोयता दाखवून गाडी, मोबाईल नेला. कोयता गळ्याला लागला तेव्हा पोरगं पुलाच्या अलीकडे होतं की पलीकडे, यावर पहाटेपर्यंत दोन पोलीस ठाण्यांची टोलवाटोलवी. अलीकडचे म्हणतात पलीकडे जा, पलीकडचे म्हणतात ही आमची हद्दच नाही. अहो, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय ना? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचा. झीरो एफआयआर! त्याचं पोस्टर भिंतीवर, आणि त्याच्याच खाली बसून ठाणे अंमलदार आमच्या धाकट्याला सांगतात, "कशाला भानगडीत पडतोस? गाडी आणि मोबाईल गहाळ झाला असा अर्ज दे, लगेच शिक्का मारतो."

दोघांनी अडवून, हत्यार दाखवून नेलेली गाडी म्हणे गहाळ! ही सरळसरळ जबरी चोरी आहे. भारतीय न्याय संहिता, कलम ३०९, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर झाली तर १४ पर्यंत. पण जबरी चोरी लिहिली की ठाण्याचा आकडा वाढतो, वरून विचारणा होते. अर्ज घेतला की तपासही नाही आणि डोक्याला तापही नाही.

बरं, तपास तरी काय अवघड होता? ऑर्डरच मुळी बनावट. "दादा, पुलाजवळच थांबा, मीच येतो," म्हणून फोन आला होता. म्हणजे ऑर्डर टाकणाऱ्याचा नंबर, वेळ, लोकेशन, सगळं डिलिव्हरी कंपनीकडे पडून आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पत्र धाडलं की द्यावंच लागतं त्यांना. पण धाडणार कोण? तोवर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं फुटेज नव्या रेकॉर्डिंगखाली पुसलं जाणार, आणि मग हेच म्हणणार, "पुरावाच नाही."

इन्शुरन्सवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. एफआयआर आणा, मग 'अ' समरी आणा, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल, आणि वर गाडीच्या दोन्ही चाव्या जमा करा. एक चावी गाडीलाच होती हो! कोयतेवाल्याला काय सांगायचं होतं, "भाऊ, चावी तेवढी ठेवून जा, क्लेमला लागते"? गाडीचा हप्ता मात्र तारखेला बरोबर कापला गेला. आणि डिलिव्हरी कंपनीचा मेसेज? ऑर्डर पोहोचली नाही, आयडी बंद, कॅशचा हिशेब द्या. पोरगं धड आहे का, हे विचारायचं बटण ॲपमध्ये नसावं.

जबरी चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच ठणकावून सांगितलंय. तो निकाल छापून नेला, तर साहेब म्हणाले, "वकील आहेस का तू?"

नाही, साहेब. पण कलम १७३(४) प्रमाणे तक्रार आता तुमच्या वरिष्ठांना पोस्टाने गेलीय, आणि 'गहाळ लिहून दे' हे तुमचं वाक्य त्यात जसंच्या तसं आहे.