‘दूध उतरलंच नाही’ असे म्हणण्याआधी

बाळंतिणीच्या घरोघरी मोबाइलवर फिरणारा एक संदेश असा आहे : सिझर झालेल्या आईला तीन दिवस दूध येत नाही, तोवर डब्याचे दूध द्यावे, घरी आल्यावरही बाळ रडत राहिले, तर दूध पुरत नाही असे समजून बाटली चालू ठेवावी. लातूर जिल्ह्यातील आमच्या घरात हे खरे मानले गेले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझरनंतर थोडे अधिकही. पण चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट दूध, आधीपासूनच तयार असतो आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावते ते जेमतेम चमचाभर. कमरेखालची भूल दिलेली आई शुद्धीवर असते, त्यामुळे दोघांची प्रकृती ठीक असल्यास बाळ पहिल्या तासातच अंगावर घेता येते.

‘तोवर’ हा शब्द मात्र सर्वांत घातक आहे. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ झोपी जाते, स्तन रिकामे होत नाहीत आणि दूध खरोखरच कमी पडू लागते. बाळाची साखर उतरली असेल किंवा वजन फारच कमी असेल, तर डॉक्टर वरचे दूध सांगतील, ते द्यावेच.

रडणे म्हणजे भूकच, हेही खरे नाही. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसरात्रीत सहा वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. माझ्या बहिणीची स्तनाग्रे चिरली होती, पाजताना ती दात आवळून बसे. सातव्या दिवशी आशाताई आल्या, पाठीशी उशी दिली, बाळाचे पोट तिच्या पोटाला टेकवले आणि बाळाने मोठा ‘आ’ केल्यावर स्तनाग्राभोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दिला. तेव्हा पहिल्यांदा गिळण्याचा आवाज ऐकू आला. दवाखान्यात हे कोणी दाखवले नव्हते.

दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत. सुट्टी होतानाच त्यांना कळवावे. बीडकडील ऊसतोड कुटुंबातील बाळंतीण कोयत्याबरोबर (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात) कारखान्यावर गेली की गावच्या आशाताईंची ही भेट चुकते, तेव्हा ती कामावर असताना बाळाला तिचेच दूध मिळावे म्हणून निघण्यापूर्वीच तिला हाताने दूध काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायला आणि चमच्याने पाजायला शिकवले पाहिजे.