कुंडीतला ओवा आणि डब्यातला ओवा

मुंबईत खिडकीच्या ग्रिलमध्ये वाढणाऱ्या पानओव्याचा फोटो आणि त्याखाली मजकूर, असा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय: ‘हे सह्याद्रीतलं प्रदेशनिष्ठ झाड. याचंच बी म्हणजे ओवा. तेल तेच, गुण तेच. कुंडी ठेवा, डास पळतील.’ यात थोडं तथ्य आहे ते फक्त तेलाच्या विधानात.

प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच भागात आढळणारं? पानओवा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत रानात वाढतो. विषय संपला.

बियांचं म्हणाल, तर पानओवा तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या. ओव्याचा दाणा हे मुळात फळ. तो रात्रभर भिजवा, बटाट्याच्या फोडीत खोचा आणि ब्लेडने आडवा, पातळ काप घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली फळाच्या प्रत्येक अर्ध्या भागात ६ तेलनलिका दिसतात: पाठीकडे ४, दोन भाग जुळतात त्या जोडाकडे २.

पानओव्यात अशा नलिका शोधू नका. त्याचं तेल पानावरच्या ग्रंथींत असतं. पानाच्या खालच्या बाजूची साल चिमट्याने सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली की टोकदार, बिनतेली केसांमध्ये गोल डोक्याच्या आणि सालीला चिकटलेल्या बसक्या ग्रंथी दिसतात. पाण्याऐवजी स्पिरिट घेतलं तर तेल विरघळतं, ग्रंथी रिकाम्या दिसतात आणि निष्कर्ष चुकतो.

डासांचं उत्तरही इथेच आहे. तेल ग्रंथीच्या पापुद्र्याखाली बंद असतं. पान चुरगळल्याशिवाय फारसं बाहेर येत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं, तर डासांची सोय आपणच केली.

आता तेल. ओव्याच्या तेलातला मुख्य वासाचा घटक थायमॉल, पानओव्याच्या तेलात बहुतेकदा कार्व्हॅक्रॉल. काही झाडांत मात्र थायमॉलच वरचढ असतं. दोन्ही रेणूंत १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. फरक फक्त ऑक्सिजन कुठे जोडलाय याचा. म्हणून वास जवळचा. पण थायमॉल सुमारे ५० अंशांना वितळतं, म्हणून त्याचे खडे ‘ओव्याचं फूल’ म्हणून विकले जातात; कार्व्हॅक्रॉल आपल्या हवेत द्रवच राहतं. प्रमाणही पाहा: १०० ग्रॅम ओव्यातून साधारण २ ते ४ ग्रॅम तेल निघतं, तेवढ्याच ताज्या पानांतून पाव ग्रॅम निघणंही कठीण, कारण पानात बहुतेक पाणीच. चमचाभर ओव्याऐवजी दोन पानं, हा हिशेब म्हणूनच जुळत नाही. पानं खोबरेल तेलात उकळून केलेला ‘अर्क’ म्हणजे वास लागलेलं खोबरेल. बराचसा सुगंध वाफेबरोबर गेलेला असतो आणि पाण्याचा अंश राहिला तर बाटली लवकर खराब होते. भजीला पानं उत्तमच.